फॅरोची भिंत कशी वाचायची: इजिप्तला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अस्वानहून होडीने फिलेच्या देवळाशी उतरलात की थोड्याच वेळात समोर दोन बुरुजांसारखं प्रचंड महाद्वार येतं. त्यावर राजा कोरलेला आहे. एका मुठीत शत्रूंच्या झिंज्या, दुसऱ्या हातात उगारलेली गदा. पहिल्या वेळी मी तिथे उभी राहून नवऱ्याला छातीठोकपणे सांगितलं की हा कुणीतरी मोठा लढवय्या फॅरो असणार. संध्याकाळी हॉटेलवर येऊन शोधलं तेव्हा कळलं, तो बारावा टॉलेमी. घराणं मॅसेडोनियन ग्रीक, टोपणनाव 'बासरीवाला', नात्याने प्रसिद्ध क्लिओपात्राचा बाप. इ.स.पू. 58 मध्ये त्याला अलेक्झांड्रियातून पळावं लागलं आणि इ.स.पू. 55 मध्ये रोमन सैन्याच्या जोरावर तो परत गादीवर बसला.

मग भिंत खोटं बोलते का? आपल्या देवळाच्या दारातले द्वारपाल कधी कुणाशी लढले होते, असं आपण विचारत नाही. त्यांचं तिथे उभं असणं हेच त्यांचं काम. इजिप्तच्या देवळावरचा राजा बराचसा तसा असतो. गादीवर कुणीही असो, 'राजा' या पदाने जगाची घडी नीट ठेवायची, देवांना पोसायचं आणि गोंधळाला बाहेर अडवायचं. या घडीला ते 'मात' म्हणत आणि भिंतीवरचं चित्र ते काम अखंड चालू ठेवतं अशी समजूत होती. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्या सहलीचे आठ दिवस 'सगळं सारखंच दिसतंय' म्हणत गेले नसते. दुसऱ्या खेपेला वही घेऊन गेले. त्या वहीतून हा लेख.

सोबत काय हवं

पासपोर्ट, तिकिटं, टोपी, पाणी हे तुम्ही घ्यालच. भिंतींसाठी वेगळं लागतं ते एवढं:

- छोटी दुर्बीण. महाद्वारावरची आणि खांबांच्या माथ्यावरची नावं नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. कॅमेऱ्याच्या झूमपेक्षा दुर्बीण बरी.
- आठ-दहा महत्त्वाच्या राजांच्या नावांचा तक्ता, चित्रलिपीसकट. कागदावर छापून घ्या; उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही.
- प्रत्येक देवळाचा आराखडा आणि मोबाइलमधलं होकायंत्र. दिशा कळली नाही तर अर्धा अर्थ हातचा जातो.
- वही. मी प्रत्येक भिंतीसाठी पाच रकाने आखते: मुकुट, नाव, कृती, भिंतीची जागा, खाडाखोड.

फ्लॅश कुठेच वापरू नका आणि भिंतीला हात लावू नका. रखवालदार कधीकधी स्वतःच 'इकडे या' म्हणून कोपऱ्यात नेतात. त्यांनी दाखवलेलं सुंदर असतं, पण नंतर बक्षिसीची अपेक्षा असते. सुटे पैसे जवळ ठेवा.

1. आधी वर-खाली ठरवा, मग मुकुट पाहा

पहिला सापळा नकाशाचाच. 'वरचा इजिप्त' म्हणजे दक्षिण आणि 'खालचा इजिप्त' म्हणजे उत्तर. नाईल दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, म्हणून पाणी जिकडून येतं ते वरचं. नदीकाठी वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. नकाशा पाहून वाढलेले आपण मात्र हमखास चुकतो.

राजाची पदवीच 'दोन भूमींचा स्वामी'. त्यामुळे चित्रात जवळजवळ सगळं जोडीने येतं. पांढरा मुकुट दक्षिणेचा, उभ्या दुधी भोपळ्यासारखा. लाल मुकुट उत्तरेचा, बसक्या खुर्चीसारखा. मागे उंच पाठ आणि पुढे तारेसारखी गुंडाळी. दोन्ही एकात एक बसवले की एकत्रित राज्याचा दुहेरी मुकुट. नव्या राज्याच्या काळात, म्हणजे साधारण इ.स.पू. 1550 नंतर, निळा शिरस्त्राणासारखा मुकुटही वारंवार दिसतो, खास करून रथावरच्या राजाच्या डोक्यावर. कपाळावरचा नाग म्हणजे वाजेत, उत्तरेची देवी. गिधाड म्हणजे नेखबेत, दक्षिणेची. कमळासारखं फूल दक्षिणेचं, पपायरस उत्तरेचा. सिंहासनाच्या बाजूला हे दोन देठ एका उभ्या खुणेभोवती गाठ मारून बांधलेले दिसतील. ती खूण म्हणजे फुप्फुसं आणि श्वासनलिका. तिचा उच्चार 'सेमा', अर्थ 'जोडणे'. दूर दक्षिणेतल्या अबू सिंबेलच्या देवळासमोर बसलेल्या प्रचंड पुतळ्यांच्या आसनांवर ही गाठ अगदी डोळ्यांच्या टप्प्यात आहे, आणि लोक मान वर करून चेहरेच बघत असतात.

रंग उडालेला असला तरी आकारावरून मुकुट ओळखता येतो. बऱ्याच देवळांत दक्षिणेकडच्या बाजूला पांढरा आणि उत्तरेकडच्या बाजूला लाल मुकुट अशी वाटणी असते. होकायंत्र इथे कामी येतं. अपवाद सापडले तर गोंधळू नका, वहीत टिपा.

सराव घरबसल्या करायचा असेल तर नारमेरच्या पाटीपासून करा. साधारण इ.स.पू. 3100 ची, सुमारे 64 सेंटीमीटर उंच, 1897-98 च्या हंगामात हिएराकॉनपोलिसला सापडलेली आणि कैरोच्या संग्रहालयात ठेवलेली ही दगडी पाटी. एका बाजूला राजा पांढऱ्या मुकुटात, दुसऱ्या बाजूला लाल. वर राजाचं नाव दोन चित्रांत: मांगूर मासा आणि छिन्नी. मागे चपला हातात धरलेला सेवक. समोर एक ससाणा, माणसाचं डोकं असलेल्या पपायरसच्या भूमीला नाकातल्या दोरीने धरून उभा. खाली दुसऱ्या बाजूला बैल तटबंदी फोडतोय. तो बैलही राजाच. दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी ठेवून तासभर बसा. पुढच्या तीन हजार वर्षांचा शब्दसंग्रह बराचसा इथेच आहे.

2. राजाचं नाव काढा

लांबट दोरीच्या फेऱ्यात कोंडलेली अक्षरं म्हणजे कार्टूश, राजाचं नाव. नवशिक्यांना घोळ होतो कारण राजाला दोन कार्टूश असतात. यावर सोपा तोडगा आहे: कार्टूशच्या आधी किंवा वर काय आहे ते पाहा. लव्हाळा आणि मधमाशी असेल तर ते राज्यारोहणाचं नाव. बदक आणि सूर्याची थाळी असेल तर जन्मनाव, कारण ही जोडी 'रा देवाचा पुत्र' अशी वाचतात. जन्मनावं घराण्यात पुन्हापुन्हा येतात, थुतमोस चार आणि रामसेस अकरा. म्हणून ओळख पटवायला राज्यारोहणाचं नाव घ्या.

तिसऱ्या थुतमोसचं नाव सूर्य, सोंगट्या मांडलेला पट आणि भुंगेरा या तीन चिन्हांचं: मेन-खेपेर-रा. सूर्य आधी लिहिलाय पण वाचायचा शेवटी. देवाचं नाव मानाने पुढे लिहायची पद्धत, आपण पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहितो तशी. पहिला सेती मेन-मात-रा. दुसरा रामसेस उसेर-मात-रा आणि त्याला जोडून सेतेप-एन-रा. तिसरा रामसेसही उसेर-मात-रा, पण पुढे मेरी-आमुन. इथे घाई करू नका. या दोघांत शंभरेक वर्षांचं अंतर आहे आणि मी पहिल्या दिवशी मदिनत हाबूला, म्हणजे लक्सरजवळच्या तिसऱ्या रामसेसच्या देवळात, पूर्ण भिंत चुकीच्या रामसेसच्या खात्यावर टाकली होती.

चिन्हं कुठल्या बाजूने वाचायची? प्राणी आणि माणसं जिकडे तोंड करून आहेत तिकडून. पक्षी उजवीकडे पाहत असेल तर उजवीकडून सुरुवात. राजाच्या शेजारचा मजकूर बहुतेक वेळा राजासारखाच तोंड करतो, देवाचा मजकूर देवासारखा. त्यामुळे कोण काय बोलतंय हे लिपी न येताही कळतं.

नावाचा सर्वांत धीट खेळ अबू सिंबेलच्या दर्शनी भिंतीवर आहे. दाराच्या वर कोनाड्यात ससाण्याच्या डोक्याचा रा देव उभा आहे. त्याच्या एका हाताशी 'उसेर' हे चिन्ह, दुसऱ्याशी मात देवीची छोटी मूर्ती. तिन्ही मिळून वाचा: उसेर-मात-रा. म्हणजे देवाची मूर्ती हेच राजाचं नाव, आणि दोन्ही बाजूंना कोरलेला दुसरा रामसेस त्यालाच पूजा देतोय. स्वतःच्या नावाला स्वतः नमस्कार. धर्म कुठे संपतो आणि राजकारण कुठे सुरू होतं हे इथे सुरीने कापून दाखवता येणार नाही.

3. अंग कसं रेखलंय त्यावर अडकू नका

चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. दोन्ही पायांचे अंगठे आपल्याकडेच. हे त्यांना 'नीट काढता येत नव्हतं' म्हणून नाही. प्रत्येक अवयव ज्या बाजूने पूर्ण ओळखू येतो त्या बाजूने दाखवायचा, कारण चित्रात जे नाही ते परलोकातही नाही. राजांच्या दरीतल्या होरेमहेबच्या अर्धवट राहिलेल्या थडग्यात कारागिरांनी आखलेल्या चौकटी आणि दुरुस्त्या अजून दिसतात. आकारमान हे मानाचं माप: राजा देवांइतका उंच, शत्रू त्याच्या गुडघ्याशी. वेरूळला शिवापुढचे गण पाहिले असतील तर हे वेगळं शिकायची गरज नाही.

4. कृती ओळखा: मारतोय, देतोय की घेतोय

राजाची चित्रं हजारो आहेत, पण त्यांतली कृती बहुतेकदा या तीनपैकी एक असते.

मारण्याचं चित्र सगळ्यांत जुनं. हिएराकॉनपोलिसच्या एका रंगवलेल्या थडग्यात ते इ.स.पू. 3500 च्या आसपास येतं, नारमेरच्या पाटीवर येतं आणि एस्नाच्या देवळात रोमन सम्राटही त्याच पवित्र्यात उभे आहेत. गदा तर रामसेसांच्या काळापर्यंत युद्धातून कधीच बाद झाली होती. चित्रात मात्र ती सुटली नाही. समोर आमुन देव उभा असेल तर त्याच्या हातात कोयत्यासारखी वाकडी तलवार असते. ती तो राजाला देतोय: विजय देवाने दिला, असा त्याचा अर्थ. मदिनत हाबूच्या महाद्वारावर हे उत्तम दिसतं.

त्याच भिंतीवर खाली रांगेने लांबट वर्तुळं दिसतील, त्यांच्या कडेला तटबंदीचे दाते आणि वर हात मागे बांधलेल्या माणसाचं धड. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक जिंकलेलं गाव किंवा प्रदेश. लक्सरच्या कर्नाक देवळात तिसऱ्या थुतमोसची अशी 119 नावांची यादी आहे. नऊ धनुष्यं दिसली तर ती इजिप्तच्या सगळ्या शत्रूंची खूण. तीन म्हणजे अनेक, तीन त्रिक नऊ म्हणजे झाडून सगळे. तुतनखामुनच्या चपलांच्या तळव्यांवर बांधलेले शत्रू आणि धनुष्यं आहेत. चालताना प्रत्येक पावलाला त्यांना तुडवायचं.

आता इथला मोठा सापळा. यादी दिसली, बंदी दिसले, नावंही दिली आहेत, म्हणजे घडलं असणार असं आपण धरतो. अबूसीरला पाचव्या घराण्यातल्या साहुरेच्या पिरॅमिडच्या देवळात एका लिबियन सरदाराची बायको आणि दोन मुलं शोक करताना कोरली आहेत, नावांसकट. दोनेकशे वर्षांनी सक्काराला दुसऱ्या पेपीच्या देवळात तीच बाई, तीच मुलं, तीच नावं. आणि इ.स.पू. सातव्या शतकात, सुदानमधल्या कावाच्या देवळात, ताहार्का राजाच्या विजयाखाली पुन्हा तेच कुटुंब. जवळपास अठराशे वर्षं त्या बाईचं रडणं थांबलेलं नाही. मला हे कळलं तेव्हा आधी हसू आलं. मग वाटलं, या कारागिरांच्या दृष्टीने आपला प्रश्नच चुकीचा असणार. राज्याभिषेकाचे मंत्र दर वेळी नवे का नाहीत, असं कुणी विचारत नाही.

देणं आणि घेणं एकाच चित्रात असतं, म्हणून हातांकडे पाहा. राजा देवाला ब्रेड, दारू, धूप, कापड देतो. सगळ्यांत वरची देणगी म्हणजे तळहातावर बसलेली छोटी देवी, डोक्यावर उभं पीस. ती मात. 'तुम्ही मला जी घडी राखायला दिलीत ती जागेवर आहे' असा हिशेब देण्याचा हा प्रकार आहे. अबायडॉसला पहिल्या सेतीच्या देवळात हा प्रसंग इतका नाजूक कोरलाय की वस्त्राच्या चुण्या मोजता येतात. बदल्यात देव राजाच्या नाकाशी अंख, म्हणजे माथ्यावर फास असलेला क्रूस, धरतात, तो म्हणजे प्राण; सोबत 'वास' हा प्राण्याच्या डोक्याचा दंड म्हणजे सत्ता, आणि 'जेद' हा आडव्या पट्ट्यांचा खांब म्हणजे स्थैर्य. ताडाच्या फांदीची खाचा पाडलेली काठी दिसली तर ती वर्षांची मोजणी, आणि तिच्या टोकाशी बेडकाचं पिल्लू असेल तर ते एक लाखाचं चिन्ह. दुसऱ्या रामसेसच्या लक्सरमधल्या पश्चिम तीरावरच्या देवळात, म्हणजे रामेसियममध्ये, देव पवित्र झाडाच्या पानांवर राजाचं नाव लिहीत बसले आहेत.

देवळात पुजारी रोज विधी करत, पण भिंतीवर तो कधी पुजारी करत नाही, राजाच करतो. याचं राजकीय वजन लक्षात घ्या: कागदोपत्री देशातला एकच यजमान.

5. भिंत कुठली आहे ते लिहून ठेवा

बाहेरच्या भिंती, महाद्वारं, अंगणं: लढाई, शिकार, बंदी. आत गाभाऱ्याकडे जाल तशी हिंसा ओसरते आणि देवाशी समोरासमोर भेट सुरू होते. सामान्य लोक जिथवर येत तिथे मोठी, लांबून कळणारी चित्रं. जिथे मोजके पुजारीच जात तिथे बारीक काम. गोंधळ उंबऱ्याबाहेर थोपवायचा, हा नियम कोरीवकामाच्या जागेतच बसवलेला आहे.

कोरण्याचे प्रकार दोन. एकात आकृती उचलून आजूबाजूचा दगड काढतात, तो आपल्या ओळखीचा उठाव. दुसऱ्यात आकृतीच पृष्ठभागाच्या आत खोदतात. उन्हातल्या भिंतींवर खोदकाम टिकतं आणि त्याच्या कडेची सावली रेघ काढल्यासारखी गडद पडते, म्हणून बाहेर बहुधा तोच प्रकार. कर्नाकच्या 134 खांबांच्या सभामंडपात हा फरक एकाच छपराखाली दिसतो: उत्तरेचा भाग पहिल्या सेतीचा, बारीक उठावाचा, दक्षिणेचा दुसऱ्या रामसेसचा, बराचसा खोदलेला. बापाचं काम बघून मुलाच्या बाजूला गेलात की हात सैल पडलेला जाणवतो. निदान मला तरी जाणवतो. उरकायचं खूप होतं त्याला.

वेळेचं सांगते: बाहेरच्या भिंती सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात. डोक्यावर सूर्य असताना कर्नाकची तीच भिंत कोरी वाटते. माझ्या पहिल्या सहलीत आमच्या वाटाड्याने नेमकं दुपारी बाराला तिथे नेलं होतं.

6. लढाईची भिंत: निकालाआधी तपशील वाचा

सीरियातल्या कादेश गावाजवळची लढाई इ.स.पू. 1274 च्या सुमाराची. दुसरा रामसेस एका बाजूला, आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती साम्राज्याचा राजा मुवातल्ली दुसऱ्या. रामसेसने ती अबू सिंबेल, लक्सर, कर्नाक, रामेसियम आणि अबायडॉस अशा पाच ठिकाणी कोरली. मधोमध रथात राजा एकटा, धनुष्य ताणलेलं, पुढे शत्रूंचा ढिगारा. प्रत्यक्षात कादेश पडलं नाही. पंधरा वर्षांनी, इ.स.पू. 1259 च्या सुमारास, हत्तुसिली या नंतरच्या हित्ती राजाशी तह झाला. त्याचा इजिप्शियन मजकूर कर्नाकच्या भिंतीवर आहे आणि हित्ती राजधानीत सापडलेली मातीची प्रत इस्तंबूलला.

पण ही भिंत नुसती बढाई म्हणून सोडून देऊ नका. कोपऱ्यात दोन हेरांना काठ्यांनी बडवताना दाखवलंय. त्या मारातून राजाला कळलं की हित्ती सैन्य दूर नाही, गावामागेच दबा धरून आहे. म्हणजे आपण फसलो होतो हे राजाने स्वतःच पाच देवळांत कोरून ठेवलं! कारण सरळ आहे: सरदार चुकले, सैन्य पळालं, आमुनने हाक ऐकली आणि राजा एकटा टिकला, ही गोष्ट सांगायला आधी फजिती लागते. नदीने वेढलेलं गाव, छावणीतले बैल आणि गाढवं, शिबंदीची धावपळ असे बारकावे इथे राजाच्या आकृतीपेक्षा जास्त खरे आहेत.

मदिनत हाबूला तिसऱ्या रामसेसच्या भिंतीवर कारकून कापलेल्या हातांचे ढीग मोजताना दिसतील. मुलं सोबत असतील तर आधी सांगून ठेवा. त्याच देवळाच्या उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीवर 'समुद्री लोकांशी', म्हणजे समुद्रमार्गे आलेल्या हल्लेखोरांशी, झालेली नौकायुद्धाची झुंबड आहे, राज्याच्या आठव्या वर्षाची. शत्रूच्या नावा उलटतायत आणि इजिप्तच्या नावा ओळीत. व्यवस्था विरुद्ध गोंधळ हे इथे मांडणीतूनच सांगितलंय.

7. खाडाखोड शोधा

हा माझा आवडता भाग, आणि सहली यालाच सगळ्यांत कमी वेळ देतात.

लक्सरच्या पश्चिम तीरावर देर अल-बहरीला हत्शेप्सुत या राज्यकर्त्या राणीचं देऊळ. तिचं राज्य साधारण इ.स.पू. 1479 ते 1458. भिंतींवर ती दाढी लावलेल्या पुरुषी राजाच्या रूपात आहे, पण मजकुरातली कित्येक रूपं स्त्रीलिंगी. 1829 मध्ये चित्रलिपी उलगडणारा शांपोलियन तिथे गेला तेव्हा दाढीवाल्या राजापुढे स्त्रीलिंगी शब्द पाहून तोही चक्रावला होता. मधल्या सज्जाच्या एका बाजूला तिच्या जन्माची कथा: आमुन तिच्या वडिलांचं रूप घेऊन आईकडे येतो, ख्नुम देव कुंभाराच्या चाकावर बाळ घडवतो. दुसऱ्या बाजूला पुंत या दूरच्या देशाची सफर: जहाजं, धुपाची झाडं मुळांसकट टोपल्यांत, पुंतचा सरदार आणि त्याची स्थूल बायको. गादीवरचा हक्क सांगायला एकीकडे देवाचं बीज, दुसरीकडे देवासाठी आणलेला धूप. दोन्ही भिंती एकाच बैठकीत पाहा.

तिच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी तिसऱ्या थुतमोसच्या काळात तिची आकृती आणि नाव पद्धतशीर छिलून काढलं गेलं. कुठे दगडात फक्त बाह्याकृती उरली आहे, कुठे तिच्या नावावर बापाचं किंवा नवऱ्याचं नाव कोरलंय. 'सावत्र मुलाने सूड उगवला' ही गोष्ट वाटाडे रंगवून सांगतात. वीस वर्षं थांबणारा सूड मला पटत नाही. गादीचा क्रम पुरुषाकडून पुरुषाकडे सरळ गेला असं दाखवायची गरज जास्त पटते.

त्याच भिंतींवर दुसरा घाव आखेनातेन या नंतरच्या राजाचा. त्याने फक्त आतेन, म्हणजे सूर्याची थाळी, ठेवली आणि आमुनचं नाव व रूप जिथे दिसेल तिथे खणून काढलं. पुढे रामसेसांच्या काळात ते पुन्हा कोरलं. म्हणून एकाच चौकटीत दोन वेगळ्या उद्देशांचे घाव आणि वर डागडुजी. आखेनातेनची स्वतःची चित्रं पाहताना सूर्यकिरणांची टोकं पाहा: छोटे हात आहेत, आणि अंख ते फक्त राजा-राणीच्याच नाकाशी धरतात. आतेनचं नाव राजासारखं दोन कार्टूशांत. देव आणि माणूस यांच्यामधला रस्ता एकाच घरातून जाईल अशी ही सोय. बोस्टनमधल्या एका दगडावर तर नेफर्तिती स्वतः शत्रूला मारण्याच्या पवित्र्यात उभी आहे, नावेच्या खोलीवर कोरलेली. तोवर फक्त राजाची असलेली ती मुद्रा राणीला मिळाली, यातच काय ते आलं.

कधी खोडणं म्हणजे नुसतं वगळणं. अबायडॉसला सेती आणि लहान राजपुत्र रामसेस 76 नावांपुढे उभे आहेत, पूर्वजांना नैवेद्य देत. हत्शेप्सुत नाही, आखेनातेन नाही, तुतनखामुन नाही. जगातला सगळ्यांत प्रसिद्ध फॅरो तिथे शोधूनही सापडणार नाही.

याच देवळात एक तुळई दाखवून 'हे बघा हेलिकॉप्टर' म्हणतील. सेतीच्या पदव्या कोरल्या होत्या, रामसेसने त्या गिलाव्याने भरून वर आपल्या कोरल्या, गिलावा गळला आणि दोन्ही अक्षरं एकमेकांत घुसली. दोन मिनिटं थांबून वरचा थर आणि खालचा थर वेगळा करून पाहा. हेलिकॉप्टरपेक्षा ते जास्त मजेचं आहे. नाव पुसलं जाण्याची धास्ती तिसऱ्या रामसेसने ओळखली होती. मदिनत हाबूला त्याची कार्टूशं इतकी खोल आहेत की कबुतरं त्यात बसतात.

देवांचे चेहरे आणि हात-पाय टोच्याने टिपून काढलेले दिसले तर ते बरंच नंतरचं, बहुधा ख्रिस्ती काळातलं काम. फिलेच्या देवळाचं चर्च झालं तेव्हाचे क्रूसही तिथे दगडात आहेत. फिलेलाच 24 ऑगस्ट 394 या दिवसाचा, आजवर सापडलेला शेवटचा चित्रलिपीतला लेख आहे.

8. क्रम कसा लावायचा

हाताशी आठवडा असेल तर कैरोला नारमेरची पाटी, मग लक्सर मुक्काम. कर्नाकला दोन अर्धे दिवस द्या, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. पश्चिम तीरावर देर अल-बहरी पहाटे आणि मदिनत हाबू दुपार कलल्यावर. अबायडॉस आणि डेंडेरा लक्सरहून एका दिवसात होतात, पण अबायडॉस आधी घ्या, थकण्यापूर्वी. नंतर दक्षिणेला एडफू, फिले, अबू सिंबेल. एडफूचं देऊळ इ.स.पू. 237 ला सुरू होऊन 57 ला पुरं झालं; तिथे ससाणा-देव होरस पाणघोड्याच्या रूपातल्या सेथला, आपल्या वैरी देवाला, भाला मारतोय. कारागिरांनी पाणघोडा अगदी बोटभर केलाय, चित्रातूनही तो उलटू नये म्हणून.

डेंडेराला मागच्या बाहेरच्या भिंतीवर क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा सीझेरियन सापडतील. मग आत जा आणि वही उघडा. मुकुट आहे, कृती आहे, देव समोर आहे, भिंतीची जागा नीट आहे. नावाच्या जागी कार्टूश रिकामी. एक नाही, ओळीने कितीतरी. टॉलेमी घराण्याच्या शेवटच्या धुमश्चक्रीत अलेक्झांड्रियात कोण राजा आहे आणि उद्या कोण असेल याचा भरवसा नव्हता, तेव्हा कारागिरांनी बाकी सगळं पुरं केलं आणि नाव कोरायचं ठेवून दिलं. माझ्या वहीत त्या पानावर दुसऱ्या रकान्यात फक्त आडवी रेघ आहे.